तात्यांची पाणपोई

सातारा जिल्ह्यातील एका लहानशा खेड्यात तात्या राहत असत. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा पलटणीबरोबर इटलीत गेले होते. परत आल्यावर त्यांनी नांगर हाती धरला. युद्धाविषयी ते कधी चकार शब्द काढीत नसत. घरातील मुलांवर मात्र त्यांची अतोनात माया होती. गोफण विणणे, बैलाच्या खुरातील काटा काढणे, हे सारे मुले त्यांच्याजवळच शिकली.

दर उन्हाळ्यात तात्या गावच्या फाट्यावर पाणपोई घालीत. इतर लोक पाडव्याचा मुहूर्त धरीत. तात्यांचा दिवस मात्र ठरलेला असे, ९ एप्रिल. असे का, हे कोणास ठाऊक नव्हते.

१९५८ सालच्या मे महिन्यात त्यांच्या पुतण्याला जुन्या पेटीत सहा टोकांचे एक पदक सापडले. त्याची फीत लाल, पांढऱ्या व हिरव्या पट्ट्यांची होती. मुलाने ते छातीला लावले आणि सवंगड्यांना सांगितले, "आमच्या तात्यांनी वीस शत्रू लोळविले!"

तात्यांनी ते ऐकले. पण ते रागावले नाहीत. सायंकाळी त्यांनी पुतण्याला जवळ बसविले.

"बाळ, ते 'इटली स्टार'. त्या मोहिमेवर गेलेल्या सर्वांनाच ते मिळाले. मी तर जखमींना उचलून आणणारा शिपाई."

मग ते प्रथमच सांगू लागले. १९४५ सालच्या एप्रिलची ९ तारीख होती. सेनिओ नदीच्या काठी उंच बांध होते. तेथे शत्रूच्या मशिनगन दडलेल्या होत्या, वाटेत सुरुंग पेरलेले होते. त्या दिवशी नगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव याने दोघा जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून सुखरूप आणले. नंतर एकट्याने शत्रूची तीन ठाणी निकामी केली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

"आणि तुम्ही किती जणांना आणलेत, तात्या?"

"अकरा." तात्या क्षणभर थांबले. "बारावा शेजारच्या गावचा होता. त्याने पाणी मागितले. मी म्हटले, 'याला पोहोचवून येतो.' परत आलो, तेव्हा सारे संपले होते. त्याची आई अजून विचारते, 'माझ्या लेकाला शेवटी पाणी तरी मिळाले का?' मी सांगतो, 'होय, मी पाजले.' जन्मात एवढे एकच खोटे बोललो, बाळ."

मुलाने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी त्याने सवंगड्यांना गाठले आणि सांगितले, "काल मी खोटे बोललो. तात्यांनी कोणाला मारले नाही. त्यांनी अकरा जणांना वाचविले." बाराव्याविषयी मात्र तो कोणाजवळ बोलला नाही.

इटलीच्या त्या मोहिमेत ५,७०० हून अधिक भारतीय सैनिकांनी देह ठेवला. पुढे तात्याही गेले. पुढल्या ९ एप्रिलला गावकरी फाट्यावर पाहतात तो रांजण काठोकाठ भरलेला! शेजारी त्यांचा पुतण्या ओगराळे घेऊन उभा होता.

स्वाध्याय
१. तात्या ९ एप्रिललाच पाणपोई का घालीत?
२. पुतण्याचे खोटे आणि तात्यांचे खोटे यांत कोणता फरक आहे?
३. वाक्यात उपयोग करा : चकार शब्द न काढणे, मान खाली घालणे, देह ठेवणे.