जमीन कोणाची?

शास्त्रपाठ : लेवीय 25:23; लूक 12:13-21

मातेओ दे तोरो साम्ब्रानो यांचा जन्म 1727 साली चिलीतील सांतियागो नगरीत झाला. व्यापारात त्यांनी विपुल धन मिळविले. 1767 मध्ये स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने जेज्वीट धर्मसंघाला साम्राज्यातून हद्दपार करून त्याच्या जमिनी जप्त केल्या. रांकाग्वाजवळील ‘ला कोम्पान्यिया’ ही संघाची विस्तीर्ण जहागीर 1771 च्या लिलावात तोरो साम्ब्रानो यांनी घेतली. आदल्याच वर्षी त्यांना उमरावपद लाभले होते. 18 सप्टेंबर 1810 रोजी ते चिलीच्या पहिल्या शासनमंडळाचे अध्यक्ष झाले आणि 1811 च्या फेब्रुवारीत निवर्तले.

धर्मसंघ गेला, राजसत्ता गेली, उमरावही गेला. धनी बदलले, नांगर धरणारे हात मात्र भूमिहीनच राहिले. भूमी परमेश्वराची असून आपण तिच्यावर उपरी आहोत, असे लेवीय शिकविते. म्हणून दोष केवळ धनवानाचा नाही. मंडळीच्या नावे असलेल्या जमिनीचाही हिशेब द्यावा लागेल. प्रभू विचारील तो प्रश्न किती एकर राखले हा नसून, त्या भूमीवर कोण पोटभर जेवले हा असेल.

मननासाठी : आपल्या मंडळीच्या जमिनीवर राबणाऱ्यांना त्यांचा न्याय्य वाटा मिळतो काय?