वहीतले ३×१० आणि वाळूची गोणी

पोलीस शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत १५ गुण गोळाफेकीचे असतात आणि मुलांचा गोळा ७.२६ किलोचा असतो. नरडाण्याहून रोज धुळ्याला जिमला जाणं सगळ्यांना परवडत नाही. मग कुणाच्या तरी नोट्सची झेरॉक्स हातात येते. तिच्यात लिहिलेलं असतं: स्क्वॉट ३×१०, ७०%. आता हे ७० टक्के कशाचे?

३×१० म्हणजे ३ सेट आणि प्रत्येक सेटमध्ये १० बैठका. (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पी.टी. होती, 'जोर-बैठका' हा शब्द मी गावातच ऐकला.) ही पद्धत रूढ केली थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना त्याने वजनं उचलायला लावली आणि १९४५ साली त्यावर लेख लिहिला. पुढे त्याने ३ सेट ठरवले: ५०, ७५ आणि १०० टक्के. पण त्याचे १०० टक्के म्हणजे जेमतेम १० वेळा उचलता येईल ते वजन. आजच्या नोट्समध्ये १०० टक्के म्हणजे एकदाच उचलता येईल ते! घोटाळा होतो तो इथेच, आणि कंबर आपली जाते.

एकदाच उचलायचं कमाल वजन घरी अजमावू नका. गणिताने काढा. १० वेळा उचललेल्या वजनाला (१ + १०/३०) ने गुणायचं. गोणी छातीशी धरून ३० किलोच्या १० बैठका नीट जमल्या, तर कमाल अंदाजे ४० किलो. त्याचे ७० टक्के म्हणजे २८ किलो. डीलॉर्मच्या हिशोबाने ७० टक्के धरले असते तर २१ किलोच आले असते. फरक बघा.

आता सामान. २० लिटरच्या जारमध्ये २० किलो पाणी मावतं, पण अर्धवट भरला तर पाणी हिंदकळतं आणि तोल जातो. त्यापेक्षा कोरडी वाळू बरी. आत जाड प्लास्टिकची पिशवी, बाहेर दुहेरी बारदान, तोंड सुतळीने घट्ट, आणि वजन किराणा दुकानातल्या काट्यावर. जागा ६ बाय ६ फूट पुरते. फरशी गुळगुळीत असेल तर सतरंजी अंथरू नका, ती सरकते. पंख्याच्या हुकाला लटकून पुलअप्स तर अजिबात नको, तो हुक त्यासाठी बसवलेला नसतो.

तिन्ही सेट नीट जमले की पुढच्या आठवड्यात १ किलो वाळू वाढवा आणि तारखेसह वहीत लिहा. मे महिन्यात मात्र सकाळी ७ च्या आत उरका, नंतर गच्चीवर पाय ठेववत नाही.