नवव्या मात्रेवरचं शून्य

गेल्या गॅदरिंगला आपली एकांकिका झाल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय. मेसमध्ये, लायब्ररीत, अगदी व्हायव्हासाठी बाहेर रांगेत उभा असतानासुद्धा. "शेवटी वडील पत्र वाचतात तेव्हा तुझं म्युझिक बंद पडलं होतं का रे? वायर निघाली होती?"

वायर निघाली नव्हती. तिथे ४० सेकंद काहीही वाजवायचं नाही असं ठरलं होतं. प्रत्यक्षात ५० झाले, ती गंमत पुढे सांगतो. पण हे का ठरलं ते समजायला थोडा तबला शिकावा लागेल. घाबरू नका, एम-थ्रीपेक्षा सोपा आहे.

त्रितालात १६ मात्रा असतात. चार-चार मात्रांचे चार भाग. हाताने ताल धरताना पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी द्यायची. पहिली मात्रा म्हणजे सम. नवव्या मात्रेला मात्र टाळी नाही. तिथे हात नुसता बाजूला उघडायचा. या जागेला हिंदीत 'खाली' म्हणतात, आपण मराठीत 'काल' म्हणतो. तबल्यावरही तो फरक ऐकू येतो. कालाच्या भागात डग्ग्याचा घुमारा जातो, 'धिं'चं 'तिं' होतं. जणू जमीन क्षणभर पायाखालून काढून घेतली.

आता गंमत बघा. पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०-१९३६) हे पेशाने वकील. त्यांनी जी स्वरलिपी रूढ केली, तिच्यात कालाची खूण आहे शून्य! आपल्या इंजिनीअर मंडळींना हे लगेच पटावं. १०५ मधलं शून्य 'काही नाही' म्हणून खोडलं, तर उरतात १५. डिजिटलमध्येही ० हा बिट वायरवरून जाताना १ एवढाच वेळ घेतो. त्याला क्लॉकमध्ये आपली जागा असते. तसंच कालाचं. समजा काल नसता, तर चारही भाग सारखेच वाजले असते आणि गाणाऱ्याला आपण आवर्तनात कुठे आहोत हे कळलंच नसतं. 'अजून आठ मात्रांनी सम आहे' हे सांगण्याचं काम ती रिकामी जागा करते.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं नाही. सेकंड इयरला माझा इयर डाऊन झाला तेव्हा कळलं.

निकालाच्या दिवशी बाबांनी मार्कलिस्ट वाचली, घडी घातली आणि गप्प बसले. मला ती शांतता सहन होईना. मी बडबडायला लागलो. पेपर कठीण होता, तपासणी कडक होती, अमक्याचंही वर्ष गेलंय. बाबा उठून आत गेले. त्यांना काय म्हणायचं होतं ते राहूनच गेलं, कारण मी त्यांना जागाच ठेवली नव्हती.

वर्षभर घरी. बरोबरची मुलं थर्ड इयरला गेलेली. करायला काही नाही म्हणून दहावीनंतर सोडलेला तबला पुन्हा धरला. सरांसमोर पहिल्याच दिवशी एक कायदा जोरात वाजवून दाखवला. वाटलं, शाबासकी मिळेल. सर म्हणाले, "अरे, तू काल खातोस."

"म्हणजे काय, सर?"

"तिथे वजन नाही ना, म्हणून तुला भीती वाटते. पटकन उरकून टाकतोस. घाई तिथेच होते. महिनाभर तबल्याला हात लावू नकोस. फक्त हाताने ताल धर आणि काल दाखव."

महिनाभर मी हवेत हात उघडत बसलो. आई म्हणायची, माशा मारतोयस का? पण तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. नवव्या मात्रेला मी आतापर्यंत थांबत होतो किंवा पळत होतो, मोजत नव्हतो. थांबलो की ताल मोडतो, पळालो तरी मोडतो. मोजलं, तरच तिला काल म्हणायचं. रिकामं असणं आणि आळस यातला फरक एवढाच आहे.

त्याच सुमारास सरांनी मला कुमार गंधर्वांबद्दल सांगितलं. लहान वयातच मैफली गाजवलेला हा गायक. ऐन पंचविशीच्या आत क्षयरोग झाला. हवापालटासाठी १९४८ मध्ये ते देवासला आले. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं. सुमारे पाच वर्षं गाणं नाही, आणि पुन्हा गाता येईल की नाही हेही माहीत नाही. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेलं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानांवर माळव्याची लोकगीतं पडत होती. ती ते ऐकत राहिले. पुढे ते गायला लागले, तेव्हा त्या लोकधुनांमधून त्यांनी नवे 'धुनउगम' राग घडवले. १९६५ च्या 'अनुपरागविलास'मध्ये त्यांच्या रागांचा आणि बंदिशींचा संग्रह आहे.

आजारपणामुळे गाणं मोठं झालं असं मी म्हणणार नाही. आजारात अनेकांचं गाणं कायमचंच गेलं असेल. आणि माझ्या इयर डाऊनची तुलना त्या पाच वर्षांशी करण्याइतका मी शहाणा नक्कीच नाही! मुद्दा एवढाच, की गळा बंद असतानाही त्यांनी कान बंद केले नाहीत. पुढे काय आहे ते ठाऊक नसताना ते त्या जागी हजर राहिले.

ख्याल गाताना तरी वेगळं काय होतं? बंदिश ठरलेली, ताल ठरलेला. पण एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंत कुठल्या वाटेने जायचं, हे गाणारा बहुतेक वेळा जाता जाताच ठरवतो. त्याला उपज म्हणतात. सगळं पाठ करून आलेल्याला उपज सुचत नाही, कारण सुचायला त्याने जागाच ठेवलेली नसते. सात मात्रांच्या रूपक तालात तर कमालच आहे. तिथे समेवरच काल असतो. सुरुवातच रिकाम्या जागेपासून!

आता एकांकिकेकडे येतो. पत्राच्या प्रसंगासाठी मी आधी कीबोर्डवर स्ट्रिंग्ज टाकल्या, मग बासरी, मग दोन्ही. तालमीत सगळ्यांना आवडलं. मला मात्र काहीतरी खटकत होतं. तीन रात्री रूममध्ये बसलो, काही सुचेना. रूममेट म्हणाला, "अरे, आत्ता काहीच वाजत नाहीये ते बरं वाटतंय." तेव्हा ट्यूब पेटली. तो बाप पत्राची घडी घालून गप्प बसतो, आणि मी पुन्हा बडबड करत होतो!

मग हिशोब केला. मिनिटाला ९६ मात्रांची लय धरली तर ४० सेकंदांत ६४ मात्रा, म्हणजे त्रितालाची चार आवर्तनं. पाचव्या आवर्तनाच्या समेला फक्त एक 'धा'. प्रयोगाच्या रात्री मी विंगेत हाताने ताल धरून बसलो होतो. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज, कोणाची तरी खुर्ची करकरली, मागून एक शिट्टीसुद्धा आली. चौथं आवर्तन संपत आलं तरी आमच्या नटाने पत्राची घडी घातली नाही. तो खरंच वाचत होता. माझा हात तबल्यावर होता, पोटात गोळा आलेला. मी 'धा' दिला नाही. आणखी एक आवर्तन मोजलं, १६ मात्रा, १० सेकंद. शिट्टी थांबली. त्याने घडी घातली आणि सम आली. मी तबल्यावर आजवर जे काही केलं, त्यातलं तेवढंच मला धड जमलंय असं वाटतं.

तुम्हीही करून बघा. रोज पाच मिनिटं हाताने त्रिताल धरा आणि नववी मात्रा खाऊ नका. पोस्टर करणाऱ्यांनी, कविता लिहिणाऱ्यांनी कोरा कागद समोर ठेवून दहा मिनिटं तो कोराच राहू द्यावा. मात्र मोबाईल लांब ठेवून! काही सुचेलच याची गॅरंटी नाही. मलाही तीन रात्री सुचलं नव्हतं.

प्रयोगाला बाबा आले होते. नंतर आम्ही दोघं कॅन्टीनमध्ये चहा घेत बसलो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही, टेबलाखाली ताल धरून बसलो. मग त्यांनीच विचारलं, "ती मधली शांतता तू ठेवलीस का रे?"

म्हटलं, "हो."