औषधनिर्माणशास्त्राची पदवी : निवडण्यापूर्वी

बारावी विज्ञानाचा निकाल लागला, की एटापल्ली, भामरागड, जिवती अशा दूरच्या तालुक्यांतून पालक आम्हांस भेटावयास येतात. वैद्यकीय प्रवेशाची आशा मावळलेली असते. मग विचारणा होते, "सर, पोराले फार्मसीत टाकू का? मेडिकल तरी टाकन."

या प्रश्नामागे एक अपुरी समजूत आहे. फार्मसी म्हणजे औषधनिर्माणशास्त्र. औषध तयार करणे, त्याची पारख करणे, ते साठवणे आणि योग्य रीतीने रुग्णाच्या हाती देणे, हे सर्व त्यात येते. फार्माकॉलॉजी म्हणजे औषधक्रियाशास्त्र. औषध शरीरात काय करते आणि शरीर औषधाचे काय करते, याचा तो अभ्यास. आपल्याकडे बारावीनंतर त्याची स्वतंत्र पदवी सहसा नसते. चार वर्षांच्या बी.फार्म.मध्ये तो एक विषय असतो व विशेष अभ्यास एम.फार्म.ला होतो. संशोधनाची ओढ असलेल्यानेही वाट बी.फार्म.चीच धरावी.

या विषयाचे मोल आपल्या जंगलपट्टीस हिवतापाने शिकविले आहे. व्हायव्हॅक्स हिवतापात प्रायमाक्विनच्या गोळ्या 14 दिवस घ्यावयाच्या असतात. ताप उतरला की रुग्ण गोळ्या सोडतो आणि यकृतात दडलेले जंतू पुन्हा उचल खातात. हे कारण रुग्णास माडियात समजावून सांगणारा औषधनिर्माण अधिकारी आरोग्य केंद्रात असणे, ही लहान गोष्ट नव्हे.

आता व्यवहाराचे. बी.फार्म.साठी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रासोबत गणित किंवा जीवशास्त्र हवे आणि सीईटी द्यावी लागते. दोन वर्षांच्या डी.फार्म.ला बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, पुढे बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षात जाता येते. घरची अडचण असेल, तर ही पायरी कमीपणाची नाही. मात्र औषध निरीक्षक होण्यास पदवीच लागते. शुल्क भरण्यापूर्वी महाविद्यालयास फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, ते तपासावे. तिच्यावाचून पुढे नोंदणी होत नाही. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करावा. वसतिगृहात जागा न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे.

शेवटी आमच्या माजी विद्यार्थ्यांस एक सांगणे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यावे, असा 1948 च्या फार्मसी कायद्याचा दंडक आहे. ज्या समाजास शतकानुशतके ज्ञानाचा अधिकार नाकारला गेला, त्याच्या मुलास हा अधिकार अभ्यासाच्या बळावर लाभतो. तो दरमहा ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याच्या दुकानात टांगून स्वतः घरी बसणे, म्हणजे रुग्णास अजाण हातांत सोपविणे होय. प्रमाणपत्र भिंतीवर असेल, तर त्याखाली आपण स्वतः उभे असावे.