जिल्ह्याचा अंदाज आणि गावाचा पाऊस
(कर्जत व खालापूर तालुक्यांतील हंगामाचा विचार)

हवामान खात्याचा अंदाज बहुधा संपूर्ण रायगड जिल्ह्याकरिता दिलेला असतो. भाताचे पीक मात्र एका गावातील एका खाचरात उभे असते. अलिबागच्या किनाऱ्यावर उघडीप असताना खोपोलीच्या घाटात पाऊस कोसळत असतो, आणि नेरळला सरी येऊन गेल्या तरी कशेळ्याकडे जमीन कोरडी राहते, असा अनुभव नवा नाही. त्यामुळे "अंदाज खोटा ठरला" असे म्हणून पुष्कळ शेतकरी तो ऐकणेच सोडून देतात. वास्तविक पाहता अंदाज जिल्ह्याचा असला तरी निर्णय गावाचा असतो. जिल्ह्याच्या अंदाजाचा आपल्या गावापुरता अर्थ कसा लावावा, याचा विचार या पाठात केला आहे.

भूमीची रचना व पाऊस

हे दोन्ही तालुके समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. पूर्वेस घाटाची उंच भिंत आणि मध्ये माथेरानचा डोंगर, अशी येथील रचना आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे या डोंगरांवर अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस देतात. म्हणून पट्टीच्या सपाट भागापेक्षा घाटाच्या लगत पाऊस अधिक पडतो. दोन्ही तालुक्यांत वर्षाला सर्वसाधारणपणे तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो व त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो.

घाटात पडलेले पाणी उल्हास, पेज व पाताळगंगा या नद्यांवाटे खाली येते. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या गावी पाऊस थांबला म्हणजे पुराचे भय संपले असे होत नाही. घाटमाथा ढगांत बुडालेला असेल तर काही तासांनी नदीकाठच्या खाचरांत पाणी चढू शकते.

पावसाचे वाटप किती विषम असू शकते याचे ठळक उदाहरण २६ जुलै २००५ या दिवसाचे आहे. त्या दिवशी चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तर त्याच मुंबईत कुलाबा येथे अवघा ७३ मिलिमीटर. या दोन केंद्रांत पंचवीस किलोमीटरांहूनही कमी अंतर आहे. सपाट किनाऱ्यावर ही स्थिती, तर डोंगराळ मुलखात ती अधिकच संभवते.

वर्षाचे ऋतुमान

मार्च ते मे या काळात कर्जतचा उन्हाळा मुंबईपेक्षा कडक असतो, कारण समुद्रावरचा गार वारा येथे उशिरा व मंद होऊन पोहोचतो. पारा चाळीस अंशांच्या वर जातो. उलट हिवाळ्यात रात्री डोंगरउतारावरील थंड हवा खाली दरीत उतरते, त्यामुळे पहाटे गारठा व दव पडते. भात कापल्यानंतर जमिनीतील ओलीवर घेतल्या जाणाऱ्या वालाच्या पिकास हे दव व गारवा मानवतो.

पावसाळ्याच्या तारखांबाबत जुन्या नोंदींचा फेरविचार करून हवामान खात्याने २०२० साली नवीन सर्वसाधारण तारखा ठरविल्या. मुंबईस पाऊस दाखल होण्याची तारीख ११ जून आहे. परतीची तारीख पूर्वी २९ सप्टेंबर होती, ती आता ८ ऑक्टोबर झाली आहे. आगमनाची तारीख फारशी हलली नाही, परंतु निरोपाची तारीख नऊ दिवसांनी पुढे गेली, ही भातशेतीच्या दृष्टीने फार महत्त्वाची गोष्ट आहे.

सर्वसाधारण तारीख म्हणजे नेमकी तारीख नव्हे. २०२५ साली मुंबईत मोसमी पाऊस २६ मे रोजीच, म्हणजे सोळा दिवस आधी आला. रोहिणी नक्षत्र नुकते लागले होते. ज्यांनी कोरड्या जमिनीवर धूळवाफेची पेरणी करण्याचे योजिले असेल, त्यांना अशा वर्षी कोरडी जमीनच मिळत नाही. नक्षत्रांवरून हंगामाचा आराखडा बांधण्याची रीत उपयुक्त आहे; तरुण पुनर्वसू व म्हातारा पुष्य यांची ओळख वडीलधाऱ्यांना असतेच. परंतु नक्षत्र सूर्याच्या गतीवरून ठरते, ढगांच्या स्थितीवरून नव्हे. म्हणून नक्षत्राने तयारी करावी आणि अंदाज पाहून काम करावे.

अंदाजाची भाषा

अंदाजातील प्रत्येक शब्दास निश्चित अर्थ आहे. तो माहीत नसल्यास अंदाज उगाच खोटा वाटतो.

"तुरळक ठिकाणी" पाऊस याचा अर्थ त्या भागातील शंभरांपैकी फार तर पंचवीस केंद्रांवर पाऊस पडेल, असा आहे. म्हणजे पंच्याहत्तर ठिकाणी तो न पडला तरी अंदाज खराच ठरतो. "काही ठिकाणी" म्हणजे शंभरांत सव्वीस ते पन्नास, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे एक्कावन्न ते पंच्याहत्तर आणि "बहुतेक सर्व ठिकाणी" म्हणजे त्याहून अधिक.

पावसाच्या प्रमाणाचेही असेच आहे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाल्यास तो "मुसळधार", ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर झाल्यास "अति मुसळधार" आणि त्याहून अधिक झाल्यास "अत्यंत मुसळधार" समजला जातो. दिवसाची गणना सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशी होते.

चार रंगांचे इशारेही दिले जातात. हिरवा म्हणजे विशेष काही करण्याची आवश्यकता नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. आणि लाल म्हणजे तत्काळ कृती करा. हा रंग केवळ पावसाच्या मापावरून ठरत नाही, तर त्यापासून होणाऱ्या संभाव्य परिणामावरूनही ठरतो.

हवामान खाते व कृषि विद्यापीठे यांच्या सहकार्याने आठवड्यातून दोन वेळा, मंगळवारी व शुक्रवारी, शेतीसाठी हवामान सल्ला प्रसिद्ध होतो. "मेघदूत" या मोबाइलवरील सेवेत तो मराठीतून वाचता येतो. विजेचा इशारा "दामिनी" या सेवेवर मिळतो. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतवार अंदाजाचीही योजना सुरू झाली आहे. ही मोठीच सोय आहे. तथापि एकाच पंचायतीत पायथ्याची वाडी व नदीकाठचे गाव दोन्ही असतात. तेव्हा गावाची स्वतःची नोंद ठेवण्याची गरज कमी होत नाही.

गावाचा पर्जन्यमापक

पाऊस मोजण्यास महागडे उपकरण लागतेच असे नाही. खाद्यतेलाचा पंधरा किलोंचा चौकोनी पत्र्याचा डबा घ्यावा व त्याचे झाकणाकडील तोंड पूर्णपणे कापावे. डब्याच्या बाजू सरळ असल्या पाहिजेत. तो मोकळ्या जागी समपातळीत, वाऱ्याने पडणार नाही असा बसवावा. जवळच्या घराच्या किंवा झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर तो असावा. रोज सकाळी साडेआठ वाजता आतील पाण्याची खोली पट्टीने मोजावी, वहीत लिहावी व पाणी ओतून टाकावे. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस. झड लागली असेल तर संध्याकाळीही मोजावे व दोन्ही आकड्यांची बेरीज करावी.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे १०१ लिटर पाणी. शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर एका गुंठ्यावर दहा हजार लिटरांहून अधिक पाणी उतरते. हा हिशेब कळला म्हणजे बांध व मोरी किती मजबूत हवी हे निराळे सांगावे लागत नाही.

वहीच्या एका बाजूस जिल्ह्याचा अंदाज व दुसऱ्या बाजूस डब्यातील पाऊस लिहावा. दोन हंगामांत गावाचा स्वभाव दिसू लागतो. "नारिंगी इशारा असला की आपल्याकडे बहुधा किती पाऊस पडतो?" या प्रश्नाचे उत्तर त्या वहीखेरीज अन्यत्र मिळणार नाही.

अंदाजाप्रमाणे शेतीची कामे

पेरणी : सर्व राब एकाच दिवशी पेरू नये. आठवड्याच्या अंतराने दोन टप्प्यांत पेरल्यास पावसाने ओढ दिली किंवा झड लागली तरी एका टप्प्याची रोपे लावणीस योग्य राहतात. पाऊस लवकर येऊन धूळवाफ साधली नाही, तर पाण्याचा निचरा होणारे गादीवाफे करावेत अथवा मोड आलेले बियाणे चिखलणीवर फेकण्याच्या रहू पद्धतीचा अवलंब करावा.

जातीची निवड : कर्जत येथील भात संशोधन केंद्र १९१९ पासून कार्य करीत आहे व तेथील जाती कोकणात सर्वदूर गेल्या आहेत. कर्जत-३, कर्जत-७ व कर्जत-१८४ या हळव्या जाती माळाच्या व उथळ जमिनीस योग्य होत. मात्र येथे परतीच्या पावसाचा हिशेब करावा. ५ जूनला पेरलेले ११५ दिवसांचे भात २८ सप्टेंबरला तयार होते. पूर्वीच्या तारखेप्रमाणे दुसऱ्याच दिवशी पाऊस परतावयाचा. आता सर्वसाधारणपणे आणखी दहा दिवस तो राहतो. म्हणजे पीक पिकते व पाऊस उभा असतो. ज्या जमिनीत ओल टिकते तेथे निमगरवी किंवा गरवी जात घेणे, आणि हळवी जात जेथे अपरिहार्य आहे तेथे कापणीची व भारे सुरक्षित ठेवण्याची तयारी आधीच करणे, हेच शहाणपणाचे होय.

खत : पुढील दोन दिवसांत मुसळधार पावसाचा अंदाज असल्यास युरिया फेकू नये, तो खाचरातून वाहून ओढ्यास मिळतो. पाऊस ओसरल्यावर खाचरातील जादा पाणी काढून खत द्यावे. लावणीच्या दिवशीच चार चुडांच्या मध्ये सात ते दहा सेंटिमीटर खोल खताची ब्रिकेट खोचण्याची पद्धत अशा पावसाच्या मुलखात विशेष लाभदायक आहे, कारण खत चिखलात राहते. कीडनाशक व रोगनाशक फवारणीसही उघडिपीचाच दिवस निवडावा.

कापणी : ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस "क्यार" व पाठोपाठ नोव्हेंबरच्या आरंभी "महा" ही चक्रीवादळे अरबी समुद्रात झाली. ती कोकणच्या किनाऱ्यावर आदळली नाहीत, तरीही त्यांच्या पावसाने कापलेले व उभे भात भिजून कोकणात मोठी हानी झाली. वर्षभराचे श्रम कापणीच्या चार दिवसांत जातात ते असे. यास्तव शेंकडा ८५ ते ९० दाणे पिकल्यावर, दोन-तीन दिवस कोरडे राहण्याचा अंदाज असेल तेव्हाच कापणी करावी. जेवढे दोन दिवसांत वाळवून उचलता येईल तेवढेच कापावे. शेजाऱ्यांनी एकमेकांकडे सावडीने जाऊन काम लवकर उरकणे हा आपल्याकडील जुना उपाय आजही तितकाच उपयोगी आहे. दुपारनंतर ढग गर्जू लागल्यास शेत सोडून पक्क्या घरात जावे. झाडाखाली थांबू नये.

डोंगरपायथ्याच्या वाड्या

अंदाजाचा प्रश्न केवळ पिकापुरता नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या आदिवासी वाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसे सापडली नाहीत. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. त्यापूर्वी काही दिवस तेथे सतत जोरदार पाऊस पडत होता.

यापासून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. यादीत नाव नाही म्हणून उतारावरील वस्तीने निर्धास्त राहू नये. दरड बहुधा एका दिवसाच्या पावसाने नव्हे, तर अनेक दिवस मुरलेल्या पाण्यावर आणखी मुसळधार पाऊस झाल्याने कोसळते. म्हणून रोजच्या आकड्याबरोबर मागील तीन दिवसांची बेरीजही वहीत लिहावी. बेरीज वाढत असताना नारिंगी किंवा लाल इशारा आला, तर अंधार पडण्यापूर्वीच वृद्ध, मुले व आजारी माणसे सुरक्षित जागी हलवावीत.

पुढील खुणा दिसल्यास इशाऱ्याचीही वाट पाहू नये : जमिनीस किंवा भिंतीस नव्या भेगा पडणे, झाडे अथवा खांब कलणे, दारे एकाएकी घट्ट बसणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा थांबणे, डोंगरातून दगड घरंगळल्याचा आवाज येणे. गुरे सोडावीत व माणसांनी उताराच्या आडव्या दिशेने, ओढ्यापासून दूर निघावे.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

गावपातळीवरील कार्यकर्त्याने मे महिन्याच्या आत तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक वाडीत पाऊस मोजणारा एक जबाबदार मनुष्य नेमावा. शाळेतील मोठी मुले हे काम आवडीने करतात. मंगळवारचा व शुक्रवारचा सल्ला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सोप्या शब्दांत लिहावा व ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावा. पायथ्याच्या वस्तीतील लोकांसमवेत रात्री कोठे जावयाचे ती जागा आधी ठरवून, एकदा दिवसा सर्वांनी तेथपर्यंत चालून पाहावे.

अंदाज हा भविष्यकथनाचा प्रकार नव्हे. आकाशाकडे पाहून मोजमापाने बांधलेले ते अनुमान आहे व त्यात चूक संभवते. परंतु ज्या गावाने आपला पाऊस मोजला आहे, त्यास त्या चुकीचाही अदमास असतो. एक पत्र्याचा डबा, एक पट्टी व एक वही यांचा खर्च अल्प आहे. त्यापासून एका खाचराचे भात किंवा एका वाडीतील माणसे वाचली, तर तो खर्च कितीतरी पटींनी सार्थकी लागेल.