सेंट लुशिया : एक छोटा देश

मुलांनो, नकाशात कॅरिबियन समुद्र शोधा. तेथे ठिपक्याएवढे एक बेट दिसेल. हाच सेंट लुशिया देश. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६१६ चौरस किलोमीटर आहे. कॅस्ट्रीज ही राजधानी.

या बेटासाठी फ्रेंच आणि इंग्रज पुनःपुन्हा लढले. १८१४ पासून ते इंग्रजांकडेच राहिले. मळ्यांत राबण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. आजचे बहुतेक लोक त्यांचेच वंशज आहेत. २२ फेब्रुवारी १९७९ रोजी देश स्वतंत्र झाला. घरी बरेच लोक क्रेओल बोलतात. शाळेत मात्र इंग्रजी शिकतात.

केळी हे येथील मुख्य पीक होते. १९८० च्या वादळाने केळीच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. त्या पुन्हा उभ्या राहिल्या. पण पुढे युरोपच्या बाजारातील सवलती गेल्या. अनेक शेतकऱ्यांनी केळीची शेती सोडली. आता देशाची मदार पर्यटनावर आहे.

देश छोटा, पण कीर्ती मोठी! आर्थर लुईस यांना १९७९ मध्ये अर्थशास्त्राचे, तर डेरेक वॉलकॉट यांना १९९२ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोघेही कॅस्ट्रीजच्या एकाच शाळेत शिकले होते. २०२४ मध्ये जुलियन आल्फ्रेड हिने ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची शर्यत जिंकली. देशाचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक!

स्वाध्याय : शेतकऱ्यांनी केळीची शेती का सोडली?