एक जनुक, अनेक वाहने

जीवाणूंना प्रतिजैविकांविरुद्ध प्रतिकारशक्ती दोन मार्गांनी प्राप्त होते. पहिला मार्ग वारशाचा: जनुकात आकस्मिक बदल घडतो व तो पुढील पिढ्यांत उतरतो. दुसरा मार्ग अधिक जलद आहे. पुष्कळ जीवाणूंच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची लहान, बहुधा वर्तुळाकार कडी असते. तिला प्लाझ्मिड म्हणतात. हे नाव १९५२ मध्ये जोशुआ लेडरबर्ग यांनी सुचविले. दोन जीवाणूंचा संपर्क आला की प्लाझ्मिडाची प्रत एकातून दुसऱ्यात जाऊ शकते. ते दोघे एकाच जातीचे असले पाहिजेत असेही नाही.

याचे बोलके उदाहरण दिल्लीशी निगडित आहे. नवी दिल्लीतील रुग्णालयात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत २००८ साली क्लेबसिएला न्यूमोनिई हा जीवाणू आढळला. इतर औषधे निष्फळ ठरल्यावर वापरावयाच्या कार्बापेनेम गटालाही तो दाद देत नव्हता. त्या गटातील औषधांचे विघटन करणारे एक नवे विकर त्यात सापडले. २००९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याला ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, म्हणजे एनडीएम-१, असे नाव मिळाले. रोगाशी शहराचे नाव जोडल्याबद्दल भारतात तीव्र नाराजी व्यक्त झाली. त्या वादात एक महत्त्वाची गोष्ट मात्र झाकोळली. त्याच रुग्णाच्या विष्ठेतील एश्चेरिकिया कोलाय या दुसऱ्या जीवाणूतही तेच जनुक होते, पण ते वेगळ्या आकाराच्या प्लाझ्मिडावर होते. एकाच देहात एकाच जनुकाला दोन वाहने मिळाली होती.

२०१० च्या शरद ऋतूत दिल्लीत घेतलेल्या नमुन्यांपैकी नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ आणि साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत हे जनुक आढळले. म्हणजे रुग्णालयाची भिंत ही त्याची सीमा नव्हती.

यावरून निगराणीची दिशा स्पष्ट होते. एखाद्या कक्षात तीन रुग्णांना तीन भिन्न जातींच्या जीवाणूंची बाधा झाली, तर केवळ जाती पाहणारा निरीक्षक त्या तीन स्वतंत्र घटना मानील. परंतु तिन्हींत एकच प्लाझ्मिड फिरत असेल, तर तो वस्तुतः एकच उद्रेक असतो. हे ओळखण्यासाठी जीवाणूच्या संपूर्ण डीएनएचा अनुक्रम वाचावा लागतो. तो आखूड तुकड्यांत वाचल्यास प्लाझ्मिडावरील पुनरावृत्त भाग नीट जुळत नाहीत व जनुक नेमके कोठे बसले आहे हे निश्चित होत नाही. लांब तुकडे वाचणाऱ्या पद्धतीने संपूर्ण कडी उलगडता येते.

अर्थात अनुक्रम वाचल्याने संसर्ग थांबत नाही. तो हात धुण्याने, निर्जंतुक उपकरणांनी, सांडपाण्याच्या योग्य व्यवस्थेने आणि प्रतिजैविकांच्या संयमित वापराने थांबतो. परंतु ही काळजी कोणत्या खाटेपाशी, कोणत्या मोरीपाशी प्रथम घ्यावी, हे सांगण्याचे सामर्थ्य या वाचनात आहे.